वन्संचं औषध

लग्न दुसऱ्यांचं होतं, पण मांडवातल्या बायकांचे डोळे सेगामेत्सीवर खिळले होते. जुलै महिना, म्हणजे पृथ्वीच्या दक्षिण अंगाला असलेल्या मोत्स्वेरेंग गावात हाडं गोठवणारी थंडी. बायकांनी चौकड्यांच्या घोंगड्या खांद्यांवर घट्ट ओढून घेतल्या होत्या, म्हातारे शेकोटी सोडायला तयार नव्हते, आणि अशा हवेत या बाईच्या कपाळावरून घाम निथळत होता. छातीतून एक लाट उठायची, मानेवरून कानशिलांपर्यंत चढायची आणि अंगभर निखारे पसरून जायची. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं, घोंगडी काढून मांडीवर घेतली आणि पदर हलवावा तसं तिचं टोक तोंडासमोर हलवायला लागली.

"बघा गं, बघा," समोरच्या रांगेतून आवाज आला. "माझा भाऊ अगदी असाच भिजायचा. ऐन थंडीत. त्यानंतर त्यानं पुढची पेरणी पाहिली नाही."

आवाज केलापिलेचा. सेगामेत्सीच्या नवऱ्याची थोरली बहीण. केलापिले बोलायला लागली की अर्धं गाव ऐकायचं, आणि उरलेल्या अर्ध्याला संध्याकाळपर्यंत कळायचं.

"उकडतंय मला, वन्सं," सेगामेत्सी म्हणाली.

"उकडणारच. आतली आग आहे ती. कितीही वर्षं झाकून ठेवली तरी एक दिवस धूर निघतोच."

दोघीतिघी हसल्या. शेजारी बसलेल्या बाईनं आपलं ताट हळूच पलीकडे सरकवलं. सेगामेत्सीनं ते पाहिलं आणि पोटात ठेवलं.

या दोघींचं वैर जुनं. सेगामेत्सीचा नवरा मोलात्लेगी खाणीवर कामाला होता. तिथून तो पगाराबरोबर रक्तातला, नाव न घ्यायचा आजारही घेऊन आला. तेव्हा गावात औषध पोचलं नव्हतं. तो गेला तेव्हा त्यांची लेक खुमो अजून पाठीला बांधण्याएवढी होती. मातीवरची ओल सुकायच्या आत केलापिलेनं भावजयीला अंगणात उभं केलं आणि सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाली, "हिनं खाल्लं माझ्या भावाला." पलंग गेला, शिलाईचं मशीन गेलं, गुरं गेली. अंगावरचा काळा झगा आणि पाठीवरची पोर घेऊन सेगामेत्सी बाहेर पडली. ते मशीन केलापिलेच्या घरात नंतर टेबल म्हणून वापरात राहिलं, वर चहाचे कप मांडलेले. तिला शिवता येतच नव्हतं.

पुढं औषध आलं. नवऱ्याचा आजार अंगात घेऊन सेगामेत्सी तेव्हा इतकी वाळली होती की झग्यात माणूस आहे की नुसती काठी, कळू नये. तिनं गोळी सुरू केली आणि एकही चुकवली नाही. बाकीच्या बायका गोळी घेताना देवाचं नाव घेत. ही म्हणे, "केलापिले, तुझ्याआधी नाही," आणि वर पाण्याचा घोट घेई. अशी वीस-बावीस वर्षं. तेवढ्या काळात तिनं दुसरं मशीन घेतलं, नंतर तिसरं. लेतेइसीच्या निळ्या छापील कापडाचा झगा शिवावा तर म्माखुमोनंच, खुमोच्या आईनंच, असं आजूबाजूच्या चार गावांत बोलू लागले. रागावर माणूस जगतं का? सेगामेत्सी जगली. नुसती जगली नाही, वर आली.

आणि आता हा घाम.

त्या लग्नानंतर गिऱ्हाइकं गळायला लागली. "माझं कापड परत दे गं, घाई नाहीये, नंतर बघू," असं म्हणत बायका यायच्या आणि उंबऱ्याबाहेरूनच हात पुढं करायच्या. घाम कापडात उतरेल अशी भीती. सेगामेत्सी कापडाची घडी करून द्यायची. पण बायका गेल्यावर तिचीही छाती धडधडायची. झोप उडाली होती, चादर पिळून काढावी लागत होती, सांधे दुखत होते, मापं सांगता सांगता विसरायला होत होती. मोलात्लेगीही असाच भिजायचा, हे खोटं नव्हतं. आपल्या रक्तातले आजाराशी लढणारे शिपाई थकले की काय? गोळीची धार गेली की काय? वन्संच्या आधी आपला नंबर लागणार या विचारानंच तिला पुन्हा घाम फुटायचा.

शेवटी ती कॉम्बीत, भाड्याच्या छोट्या गाडीत बसून फ्रान्सिसटाऊन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेली. तिथं डॉक्टर रादिपाती नावाची, खुमोहून थोडी मोठी असेल अशी डॉक्टरीण होती. तिनं रक्त पाहिलं, छातीचा फोटो पाहिला, आणि पुढच्या खेपेला सेगामेत्सीला समोर बसवून म्हणाली, "म्मा, विषाणू अजून झोपलेलाच आहे. शिपाई भरपूर आहेत. क्षय नाही. तुमची पाळी कधी बंद झाली?"

"झाली असेल की. गेल्या सुगीला."

"मग हा घाम त्याचा आहे. वयाचा."

सेगामेत्सीनं विचारलं, "एवढंच?"

"हे एवढंच नसतं. रात्र रात्र झोप नाही, हाडं ठिसूळ होतात, चिडचिड होते. बायका सोसतात आणि गप्प बसतात. अंगातला जो रस आटलाय तोच गोळीतून देता येतो. हार्मोन म्हणतात त्याला."

"आणि त्यानं माझे शिपाई मरतील त्याचं काय? गावात म्हणतात, अशा गोळ्या रक्तातली ताकद खातात."

डॉक्टरीण खुर्चीत मागं टेकली. "खरं सांगू? तो रस आटला की शरीरात एक बारीक आग धुमसायला लागते. तुमच्या आजारातही तशीच एक आग आत असते, औषध चालू असलं तरी. दोन्ही एकत्र आल्या की त्रास वाढतो. हार्मोननं ती थोडी निवेल असं आम्हाला वाटतं. शिपाई कमी होतात असं काही दिसलेलं नाही. पण वाढतील असंही मी म्हणणार नाही. तुमच्यासारख्या बायकांवर फार थोडा अभ्यास झालाय."

"का? आम्ही काय कमी आहोत?"

"तुम्ही या वयाला पोचाल असं कुणी धरलंच नव्हतं, म्मा."

सेगामेत्सी खदखदून हसली. डॉक्टरीण दचकली. "माझ्याही ओळखीत एक आहे," सेगामेत्सी म्हणाली, "तिनंही धरलं नव्हतं."

डॉक्टरणीनं बजावून सांगितलं, अगदी बोट उगारून: पूर्वीच्या औषधांतलं एक या हार्मोनला गिळून टाकायचं, तुमचं आताचं तसं करत नाही, म्हणून दोन्ही बरोबर घ्या. छातीत गाठ लागली, पोटरी सुजली, तर तडक या. आणि शिपाई उभे आहेत ते जुन्या गोळीच्या जिवावर. ती सोडली तर ही नवी काही एक करणार नाही. ही घामासाठी, हाडांसाठी, झोपेसाठी. कळलं? सेगामेत्सीला कळलं. तिला एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे.

पावसाळा जवळ येईतो ती पुन्हा माणसात आली. झोप परतली, तोंडावर तेज आलं, हात पुन्हा मशीनवर धावायला लागला. मधे रक्त तपासलं तर शिपाई होते तिथंच, ना एक पाऊल पुढं ना मागं. गिऱ्हाइकंही परतली, झगे तर हवेच होते. ज्यांनी कापड परत नेलं होतं त्यांना सेगामेत्सीनं दुप्पट वेळ थांबवलं. तेवढं उट्टं तिनं काढलंच.

पण खरा घाव पुढं बसायचा होता. खुमोचं शहरातल्या ओलेबिले नावाच्या मुलाशी जमलं होतं. त्याचे काका-मामा रीतीप्रमाणं मागणी घालायला आले. अशा बैठकीत मुलीच्या आत्याचा मान मोठा. आत्या नसेल तर बोलणी पुढं सरकत नाहीत. म्हणून केलापिलेला बोलवावं लागलं. ती आली, चटईवर पाय पसरून बसली, आंबवलेल्या ज्वारीची लापशी आणि कुटलेलं मांस पोटभर जेवली, आणि पाहुण्यांनी मुलीचं नाव काढल्याबरोबर म्हणाली, "मुलगी न्या हो. पण आधी रक्त तपासून घ्या. आईचं रक्त कसलं आहे ते इथं कोंबड्यांनाही माहीत आहे. पुन्हा म्हणू नका, आत्यानं सांगितलं नाही."

पाहुणे खाली बघत उठले. निरोप पाठवतो म्हणाले. खुमो आतल्या खोलीत होती, तिनं सगळं ऐकलं. ती रडली नाही. बाहेर येऊन तिनं पाहुण्यांचे कप गोळा केले आणि विसळायला बसली. खुमोला आजार नव्हता, लहानपणीच तपासून झालं होतं, ओलेबिलेलाही ते माहीत होतं. पण काका-मामांच्या तोंडाला कोण लागणार? पोरगी पाठमोरी कप विसळत राहिली, आणि त्या पाठीकडं बघता बघता सेगामेत्सीच्या मनात जे आलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

डिसेंबरात ती गोळ्या आणायला शहरात गेली. मोठ्या दवाखान्याच्या लांबलचक ओसरीत वेगवेगळ्या औषधांचे वेगवेगळे बाक. शेवटच्या खिडकीसमोरचा बाक तिच्या चांगला ओळखीचा. ती स्वतः तिथं वर्षानुवर्षं बसत आली होती. त्या बाकावर, मोठी टोपी डोळ्यांवर ओढून आणि गळ्याभोवती ओढणी गुंडाळून, एक बाई बसली होती. टोपी कसली, पायातल्या लाल बुटांवरून सेगामेत्सीनं ओळखलं. ती शेजारी जाऊन टेकली.

"काय वन्सं, एवढ्या लांब?"

केलापिलेचा चेहरा राखेसारखा झाला. "प्रेशरच्या गोळ्या," ती पुटपुटली.

"प्रेशरचा बाक पलीकडं आहे. हा आपला."

मग केलापिले हळू आवाजात बोलायला लागली, इतक्या हळू की हा आवाज तिचाच का अशी शंका यावी. नवरा गेल्यावर कळलं होतं तिला. सहा-सात वर्षं झाली. मुलाला माहीत नाही, सुनेला नाही. गोळ्यांची बाटली ती मक्याच्या पिठाच्या डब्यात पुरून ठेवते. वाजू नये म्हणून आत कापूस घालते. "गावात बोलू नकोस," ती म्हणाली. "पाया पडते."

"नाही बोलणार. तुम्ही खुमोच्या आड येऊ नका."

"नाही येत. ओलेबिलेच्या काकांना मीच निरोप धाडते. चुकून बोलले म्हणते."

सौदा झाला. सेगामेत्सी उठणार इतक्यात केलापिलेनं तिच्या दंडाला धरलं. "एक विचारू? तू मागच्या थंडीत मरायला टेकली होतीस. आता बघ कशी दिसतेस. तुला म्हणे नवी गोळी दिलीय. बायकांची. कसली आहे गं ती? मला या जुन्या गोळीचा कंटाळा आलाय. लपवून लपवून जीव गेला."

उत्तर सेगामेत्सीच्या जिभेवर होतंच. डॉक्टरणीनं बोट उगारून सांगितलेलं, शब्द न् शब्द. तिच्या डोळ्यांसमोर कप विसळणारी खुमो आली, मशीनवर मांडलेला चहा आला. ती केलापिलेच्या कानाशी वाकली.

"ती गोळीच शिपाई तयार करते, वन्सं. मी जुनी केव्हाच सोडली. दोन्ही एकत्र घेतल्या तर एकमेकींना मारतात."

"आणि मला देतील?"

"तुम्हाला कशाला देतील? मागायला जाऊ नका, जुनी सोडू देणार नाहीत. बस तळावर बायका पाळणा लांबवायच्या गोळ्या विकतात ना, त्यात हेच असतं."

केलापिलेनं तिचा हात दाबला. खिडकीतून तिच्या नावाचा पुकारा झाला. तिनं मान फिरवली, टोपी आणखी खाली ओढली आणि बाहेर चालायला लागली.

परतीच्या कॉम्बीत सेगामेत्सीनं दोन माग्विन्या, तळलेले पिठाचे गोळे, घेतले आणि गरम गरम खाल्ले. तेल बोटांवरून मनगटापर्यंत आलं. इतकं चवदार तिनं कैक वर्षांत खाल्लं नव्हतं.

केलापिलेनं शब्द पाळला. ओलेबिलेचे काका-मामा पुन्हा आले, बैठक झाली, मुलाकडून द्यायच्या गुरांची बोलणी ठरली. लग्न पुढच्या थंडीतलं धरलं. मधल्या महिन्यांत सेगामेत्सी नणंदेला लांबून बघत राहिली. चर्चमध्ये, पाण्याच्या नळावर, कुणाच्या मयताला. आधी चेहरा उतरला. मग खांदे. एप्रिलमध्ये खोकला लागला. लोक म्हणाले, धूळ आहे. सेगामेत्सी म्हणाली, हो, धूळच. घरी येऊन ती मशीन चालवायची आणि तिचा पाय आपोआप वेगानं पडायचा. मनाला ती दटावायची: मी काय केलं? मी काही तिच्या हातातून गोळी हिसकावली नाही. तिला मानायचंच होतं, तिनं मानलं. माझ्या नवऱ्याच्या मयताला तरी कोण थांबलं होतं माझ्यासाठी?

लग्न महिन्यावर आलं तेव्हा केलापिले झगा शिवायला आली. आत्याचा झगा मुलीच्या आईनं करायचा, हीही रीतच. शिलाईच्या खोलीत दोघीच होत्या. केलापिलेनं घोंगडी काढली आणि हात पसरून उभी राहिली. सेगामेत्सीनं टेप तिच्या छातीभोवती घेतला. पूर्वी या बाईचं माप घ्यायला टेप पुरायचा नाही. आता टोकं एकमेकांवरून लांब गेली. पाठीचे मणके बोटांना लागत होते. पोटरीला हात लागल्यावर केलापिले "आई गं" म्हणाली. एक पाय दुसऱ्याहून जाड होता.

"बारीक झाले ना?" केलापिले हसून म्हणाली. हसताना तिची जीभ दिसली, दह्यासारखे पांढरे डाग पडलेली. "तुझ्यासारखी कांती अजून नाही आली. पण येईल. एकही गोळी चुकवली नाही, तू सांगितलीस तशी."

सेगामेत्सीनं माप वहीत लिहिलं.

"खरं सांगते, दुसरी कुणी असती तर सांगितलं नसतं. मी तुला काय काय केलं. तरी तू सांगितलंस. मी मरताना तुझं नाव घेईन, वहिनी."

वहिनी. एवढ्या वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा आला. सेगामेत्सीला वाटलं कुणी तोंडात माती कोंबली. सगळा सूड उगवत आला होता, अगदी पिकून हाताशी आला होता, आणि ज्या बाईवर उगवायचा तिला त्याचा पत्ताच नव्हता. ती आभार मानत मरणार होती. मग हा सूड झाला की सेवा? केलापिलेला जे भोगायचं होतं ते ती भोगतच नव्हती. ती भोळ्या पोरीसारखी हात पसरून उभी होती.

"मी खोटं बोलले," सेगामेत्सी म्हणाली.

"काय?"

"ती गोळी शिपाई तयार करत नाही. मी जुनी गोळी सोडलेली नाही. आज सकाळीही घेतली. माझी नवी गोळी घामाची आहे, म्हातारपणाची. तुझा आजार तिला कळतसुद्धा नाही. तू मरायला लागली आहेस, केलापिले. मीच लावलं."

केलापिलेचे हात अजून पसरलेलेच होते. ते हळूहळू खाली आले. मग तिनं सेगामेत्सीच्या थोबाडीत मारली. हाताला जोर नव्हता; वाळकं पान गालाला लागावं तसं लागलं.

"आणखी मार."

"चेटकीण," केलापिलेला धाप लागली, ती मशीनचा आधार घेऊन उभी राहिली. "तेव्हा म्हटलं ते खरंच होतं. तूच खाल्लंस त्याला. आता मला खाणार."

"तुझ्या भावाला मी खाल्लं नाही. त्यानं मला खाल्लं, आणि तू ते ओळखलं असणारच. त्याची बायको म्हणून तू मला हाकललंस, कारण त्याला दोष द्यायची तुझी छाती नव्हती. पण तुला मी खात होते, हे खरं. चवीनं."

"मग थांबलीस कशाला? दोन महिने तोंड मिटून बसली असतीस तर झालं असतं की."

"झालं असतं. पण तू माझं नाव घेत मेली असतीस. मेलीस की तू सुटलीस. मला तू सुटायला नको आहेस. तू जगायचं. माझ्यासारखं, रोज गिळून. खुमोची पोरं तुझ्या डोळ्यांदेखत अंगणात खेळतील, आणि तू बघशील."

केलापिले भिंतीला टेकून खाली बसली. तिला रडू येत होतं की खोकला, कळत नव्हतं. सेगामेत्सीनं तिला पाणी दिलं. उपकार म्हणून नव्हे. मेली तर झग्याचं माप वाया जाईल असं ती स्वतःशी म्हणाली.

"कोशीकडे जाते," केलापिलेनं गावप्रमुखाची धमकी दिली. "गावच्या सभेत उभी करते तुला."

"कर. काय सांगशील? कसली गोळी सोडलीस म्हणून सांगशील?"

केलापिलेनं घोंगडी ओढून पुन्हा अंगावर घेतली.

"तुझा आजार मी कुणाला सांगणार नाही," सेगामेत्सी म्हणाली. "तसलं काम तुझं. पण एक गोष्ट करायची. मुलीला उपदेश करायला लग्नाच्या बायका आत बसतील तेव्हा पहिलं बोलणं आत्याचं. तिथं खरं सांगायचं. आजार कुणी आणला आणि तू काय केलंस. नाही सांगायचं तर येऊच नकोस. तुझी चटई रिकामी राहील. लोक विचारतील का. मी म्हणेन, तिलाच विचारा."

दुसऱ्या दिवशी दोघी एकाच कॉम्बीत बसून शहरात गेल्या, एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. डॉक्टर रादिपातीनं केलापिलेला तपासलं आणि तिचा चेहरा कठीण झाला. पोटरीत गुठळी झाली होती. तळावरच्या त्या गोळ्यांची ती करणी. शिपाई मूठभर उरले होते. छातीत क्षयानं घर करायला सुरुवात केली होती.

"कुणी सांगितलं तुम्हाला औषध सोडायला?" डॉक्टरणीनं विचारलं. "कुणी सांगितलं हार्मोन शिपाई वाढवतं? नाव सांगा. मी त्या माणसाला सोडणार नाही."

सेगामेत्सी दाराशी उभी होती. केलापिलेनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं.

"तळावरच्या बायकांनी," केलापिले म्हणाली. "नाव माहीत नाही."

सेगामेत्सीच्या अंगाचा तिळपापड झाला. वाचल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिला आतून नुसता चटका बसला. वन्संनी इथंही तिच्यावर मात केली होती. ज्या बाईला तिनं मरणाच्या दारात ढकललं, तिच्याच मेहेरबानीवर आता तिनं उभं राहायचं. ओसरीत आल्यावर ती फणकारली, "मी मागितलं नव्हतं."

"मीही नव्हतं मागितलं," केलापिले म्हणाली आणि भिंत धरत धरत शेवटच्या बाकाकडं गेली.

ती महिनाभर दवाखान्यात राहिली. सेगामेत्सी दर आठवड्याला डबा घेऊन जायची. डबा ठेवायची, समोर उभी राहून गोळी गिळलेली बघायची, तोंड उघडायला लावायची. "जीभ वर कर. आता खाली." शेजारच्या खाटांवरच्या बायका म्हणायच्या, काय प्रेमाची भावजय मिळालीय. दोघीही त्यांना दुरुस्त करत नसत.

लग्नाला केलापिले आली. झगा आत घ्यावा लागला होता, तरी अंगावर लोंबत होता. उपदेशाच्या खोलीत खुमो जमिनीवर पाय लांब करून, मान खाली घालून बसली. भोवती घोंगड्या पांघरलेल्या बायका. सगळ्यांनी आत्याकडं पाहिलं. केलापिलेनं घसा साफ केला.

"खुमो, नवरा परगावाहून आला तर आधी विचार, काय घेऊन आलास. लाजू नकोस. तुझा बाप खाणीवरून आजार घेऊन आला आणि बोलला नाही. मला बोलला होता. मी त्याची बहीण, मी झाकलं. मग तो गेला आणि मी तुझ्या आईला उघड्यावर काढलं. तिचं पाप नव्हतं. त्याचं होतं, आणि माझं."

सेगामेत्सी चौकटीला टेकून उभी होती. मला बोलला होता. हे तिला नवीन होतं. म्हणजे तिला कळायच्या आधी वन्संना कळलं होतं, आणि तेव्हा कुणी एक शब्द सांगितला असता तर कदाचित तिच्या अंगात तो आजार आलाच नसता. सौद्यात हे मागितलेलं नव्हतं. हे केलापिलेनं आपणहून दिलं होतं, की शेवटचा डंख म्हणून मारलं होतं?

"आणि एक," केलापिले पुढं म्हणाली. "तुझी आई साधी बाई नाही. तिच्याशी वैर धरायचं असेल तर आधी आपलं वजन करून घ्यावं."

बायका हसल्या, एकीनं जीभ फिरवत आनंदाची आरोळी दिली, दुसरीनं तिला साथ दिली, आणि बोलणं पुढच्या बाईकडं गेलं.

बाहेर तीन पायांच्या मोठ्या हंड्यांखाली लाकडं धुमसत होती. सेगामेत्सी तिथं जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांचं मागणं पुरं झालं होतं, चारचौघींत, मोठ्यांदा. ते गोड लागलं. खरंच गोड लागलं, पोटापर्यंत. आणि त्याच्या बुडाशी नवा कडवटपणा होता, तो तिनं ढवळला नाही. त्यासाठी अजून आयुष्य पडलं होतं.

केलापिले काठी टेकत आली आणि शेजारी उभी राहिली.

"झालं समाधान?"

"नाही," सेगामेत्सी म्हणाली. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"यावर बोलू आपण. आज नाही."

"बोल की. मी कुठं जाते आता?"

सेगामेत्सीनं डाव उचलून लापशी ढवळली, एका ताटात वाढली, वर मांसाचा मऊ तुकडा ठेवला आणि ताट नणंदेच्या हातात जोरात दिलं.

"खा. रिकाम्या पोटी ती गोळी बाधते. आणि सोमवारची कॉम्बी लवकर सुटते. उशीर केलास तर फरफटत नेईन."